हिरवी टेप

माझ्या नवऱ्याला विजेतलं सगळं कळतं. घरातल्या ज्या ज्या वायरीला त्याचा हात लागलाय, तिला हिरवी टेप गुंडाळलेली आहे. मिक्सर, इस्त्री, सासूबाईंचा रेडिओ, काही सुटलेलं नाही. कुठूनशी स्वस्तात डझनभर रिळं आणली होती, ती अजून संपायची आहेत. मिक्सर हाताला झिणझिण्या देतो, इस्त्री मनात येईल तेव्हा तापते, पण टेप मात्र पक्की.

त्यामुळे माझी मोटरसायकल सकाळी सुरू होईना, तेव्हा आधी याच तज्ज्ञांचं मत घेणं आलं.

मी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सहाला निघायचं आणि दहाच्या आत चौदा घरं उरकायची. लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असतात, आणि उपाशी माणसाच्या तोंडी कोण लागणार? उशीर झाला की ते लॅबला फोन करतात आणि मॅडम माझ्या नावापुढे फुली मारतात. तीन फुल्या झाल्या की फेरी दुसऱ्याला. माझ्या दोन झाल्या होत्या. खरं सांगते, ते चार तास मला जिवापाड आवडतात. त्या चार तासांत मला कुणीही ‘अगं, जरा इकडे ये’ म्हणत नाही.

गाडीला किक नाही, नुसतं बटण. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी कट्-कट्-कट् करायची आणि गप्प व्हायची. मग तळघरातल्या पार्किंगमधून चढावर ती ढकलत आणायची. धापा टाकत रस्त्यावर आलं की उतारावर सोडून गिअरमध्ये कशीबशी चालू करायची.

“तू हॉर्न फार वाजवतेस,” नवऱ्याचं पहिलं निदान. मी हॉर्न वाजवणं बंद केलं. “मग हेडलाइट राहत असेल.” राहत नव्हता. शेवटी बॅटरीच मेलीय असं जाहीर करून त्याने नवी आणली, स्वतः बसवली, हात धुतले आणि दोन दिवस घरभर छाती काढून फिरला. पंधरा दिवसांत ती नवीही रात्रीतून रिकामी व्हायला लागली. “नाचता येईना अंगण वाकडं!” तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “बाईच्या हाताला यंत्र टिकत नाही.” त्यांनी जन्मात कशाचं हँडल धरलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याला मानत होते. गाडी अडली की सहा वाजून दहा मिनिटांनी हटकून त्याचा फोन यायचा. “अगं, अजून खालीच?” मी घामाघूम होऊन चढावर, तो तिसऱ्या मजल्यावर पांघरुणात, तरी याला बरोबर कळायचं! इतक्या वर्षांनी का होईना, माणसाला माझी काळजी वाटायला लागली, असं वाटून एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याची मला आता लाज वाटते.

दुसऱ्या फुलीनंतर मी कामावरून परस्पर गॅरेज गाठलं. देऊन टाकायला म्हणून जुनी बॅटरीही घेतली होती. गॅरेजवाले काका कमी बोलतात. त्यांनी मीटर लावून नवी बॅटरी बघितली, ठीक. गाडी चालू करून चार्जिंग बघितलं, तेही ठीक. मग गाडी बंद केली, चावी माझ्या हातात दिली आणि बॅटरीची तार सोडवून मधे मीटर धरला.

“चावी तुमच्याकडे आहे ना ताई?”

“हो.”

“मग करंट कोण पितंय?”

त्यांनी एकेक फ्यूज काढून बघितला. मीटरचा काटा खाली येईना. मग ते गुडघ्यावर बसले, बाजूचं झाकण खोललं, आत हात घातला आणि काड्यापेटीएवढा एक काळा डबा बाहेर ओढला. त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. दोन तारा थेट बॅटरीला जोडलेल्या होत्या, आणि त्यांच्या सांध्यांवर हिरवी टेप होती.

“गाडी कुठं आहे ते फोनवर दाखवणारं यंत्र आहे हे,” काका म्हणाले. “माल स्वस्तातला. तळघरात रेंज मिळत नाही, म्हणून रात्रभर शोधत बसतं आणि बॅटरी पितं. चोराच्या भीतीने तुम्हीच बसवलंय का?”

मी टेपकडे बघत होते. पाळत ठेवल्याचा राग आलाच, पण तो मागाहून. आधी राग आला तो त्या चढाचा. माझा ठिपका जागचा हलत नाहीये हे हा माणूस अंथरुणात पडून बघत होता, आणि खाली येऊन एक हात लावायचं त्याच्या मनात आलं नाही. वर तोंड करून मलाच ‘अजून खालीच?’ विचारत होता.

“काढून फेकू?” काकांनी विचारलं.

“काढा, पण फेकू नका. ही जुनी बॅटरी जरा बघता?”

काकांनी मीटर लावला. “हिला काय धाड भरलीय? चार्ज केली की पळेल.”

त्यांनी ती चार्ज केली आणि यंत्र तिला जोडून दिलं. टेप मी तीच वापरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी गाडी एका बटणात सुरू झाली. सहा दहाला फोन वाजला तेव्हा मी गाडी चालवत होते, उचलला नाही. सहा चाळीसला मी तिसऱ्या घरी होते. आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मी स्पीकर लावला.

“अगं, आज कामावर गेली नाहीस?”

“का हो?”

“नाही, गाडी घरीच दिसतेय ना...”

“कुठे दिसतेय?”

मी आजोबांना मूठ आवळायला सांगितली.

“ओट्याखाली बघा,” मी म्हणाले. “पिठाच्या डब्यामागे. तुमचीच टेप आहे, ओळखाल.”

पातेली बाजूला सारल्याचा आवाज आला. शेवटी अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, “काळजीपोटीच लावलं होतं गं.”

“मग ढकलायला का नाही आलात?”

मी वाट बघितली. खरोखरच वाट बघितली, काहीतरी म्हणेल म्हणून.

“बाई,” आजोबा म्हणाले, “ते काही बोलायचे नाहीत. तुम्ही रक्त घ्या, मला चहा प्यायचाय.”