पायऱ्यांखालचे काजवे

“आता हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही,” असं म्हणत आप्पांनी वायरमनच्या हातातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि पायरीच्या पुढच्या कडेखाली नीट दाबून बसवलं. “पण या जिन्यावरून मी एकदा हत्ती खाली उतरवलाय.”

वायरमनने दातांत धरलेला स्क्रू काढून हातात घेतला. हत्ती वर गेला कसा, एवढंच त्याने विचारलं.

“वर कशाला जातोय? तो वरच जन्मला.”

वायरमन इतका हसला की पट्टी वाकडी झाली आणि पुन्हा लावावी लागली. आप्पांचं मात्र त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते खाली बघत होते. जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीवर माई बसली होती, मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. आप्पा थांबले. लोटीतलं पाणी प्यायले. अजून थांबले.

“बिचारा,” माई म्हणाली. “पायऱ्या किती अरुंद आहेत.”

आप्पांनी मान खाली घातली आणि वायरमनला पुढचा स्क्रू दिला.

सगळा संसार या दोघांनी असाच केला होता. घरी कुणी आलं की आप्पांची थाप सुरू व्हायची आणि माई भाजी चिरता चिरता, मान वर न करता, नेमक्या ठिकाणी दोन शब्द टाकायची. “साफ खोटं.” की घर हसायचं. लोक थापा ऐकायला यायचे तितकेच त्या दोन शब्दांसाठी यायचे. आप्पा गोष्टीत त्यांच्यासाठी मुद्दाम जागा ठेवायचे. तिथे आले की सावकाश पाणी प्यायचे आणि सगळ्यात मोठी थाप ताटात वाढल्यासारखी माईपुढे ठेवायचे.

अलीकडे ते शब्द उशिरा येऊ लागले होते. मग येईनासे झाले. आता माईला सगळंच खरं वाटायचं. त्या दोन शब्दांबरोबर ‘अहो’ही गेलं. ती आप्पांना ‘भाऊ’ म्हणायची, रांगेत पुढे उभ्या असलेल्या सभ्य माणसाला म्हणावं तसं. याबद्दल आप्पा कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी फक्त थापा मोठ्या केल्या. कधीतरी एखादी इतकी अवाढव्य निघेल की माईलाही ती गिळवणार नाही, अशा हिशोबाने ते रोज थोडी भर घालत होते.

दिवे लेकीने काढलेलं काम होतं. माई पहाटे उठून भिंत चाचपत खाली यायची. जिन्याच्या वळणावर एकदा घसरली, मनगटाचं प्लॅस्टर आत्ता कुठे निघालं होतं. खाली पलंग टाकून पाहिला, तर माझी खोली कुठे गेली म्हणून ती रडत बसली. तेव्हा लेक रजा घेऊन आली आणि तिने वायरमन बोलावला. प्रत्येक पायरीखाली दिव्यांची बारीक पट्टी, वर एक सेन्सर, खाली एक, आणि जिन्याखाली एक काळा डबा. त्या डब्यातून पुढे फक्त बारा व्होल्ट जातात, हात लागला तरी शॉक नाही, असं सांगून वायरमनने उघड्या तारांवर अंगठा ठेवून दाखवला. तरी लेकीने डोळे मिटलेच.

मग तो अनवाणी जिना चढला. दिवे लागले. मध्यावर तो खांबासारखा उभा राहिला. थोड्या वेळाने दिवे गेले.

हालचाल थांबली की याच्या लेखी तिथे माणूस नाही, वायरमनने समजावलं. दिवे किती वेळ चालू ठेवायचे ते इथे ठरवता येतं. एवढ्याशा जिन्याला अर्धा मिनिट पुष्कळ झालं.

आप्पा म्हणाले, जितका जास्त ठेवता येईल तितका ठेव.

“एवढा वेळ कशाला लागतोय, आप्पा?”

“ती मध्येच थांबते,” आप्पा म्हणाले. “वर निघालो होतो की खाली, ते आठवेपर्यंत.”

दिवसभरात तिखटमीठ न लावता बोललेलं त्यांचं हे एकच वाक्य. वायरमनने छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सेन्सरमधला काटा शेवटपर्यंत फिरवला.

संध्याकाळी माई वर निघाली तशा पायऱ्या एकेक उजळल्या. ती वाकून बघू लागली. हे कोण लावतं, असं तिने विचारलं, आणि आप्पांना राहवलं नाही. काजवे, ते म्हणाले. वायरमनने पिशवीतून आणलेत. दिवसभर झोपतात, तुझं पाऊल वाजलं की उठतात. त्यांचा मुकादम जरा तापट आहे, एखादा पेंगला की त्याचा कान धरतो. इथे आप्पा थांबले. जागा ठेवली.

माईच्या डोळ्यांत पाणी आलं. “कोंडून ठेवलेत त्यांना?”

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर खरवडल्याचा आवाज येऊ लागला. लेक स्वयंपाकघरातून धावली. माई पायरीवर पालथी झुकली होती, एक पाय हवेत, आणि चमच्याने पट्टी उचकटत होती. एक पट्टी लोंबत होती. माईच्या बोटातून रक्त येत होतं आणि ती हळूच म्हणत होती, जा रे बाळांनो, जा लवकर.

वायरमन येऊन पट्टी पुन्हा बसवून गेला. या खेपेस त्याने गोष्ट मागितली नाही.

लेकीने आप्पांना मोरीपाशी गाठलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“आधी ती टाकीतली मगर. दोन दिवस आंघोळ केली नाही तिने. आता हे.”

“मगर तशी लहानच होती,” आप्पा म्हणाले.

लेक हसली नाही. “तुम्ही गंमत करता आप्पा, आणि ती तिथे राहायला जाते. मी गेल्यावर तिला बाहेर कोण आणणार? यापुढे तिच्याशी फक्त खरं बोला. मला शब्द द्या.”

आप्पांनी शब्द दिला. उभ्या जन्मात त्यांनी दिलेल्या शब्दांचं काय झालं हे लेकीला माहीत होतं, तरी ती तेवढ्यावर गेली.

पण आप्पांनी हा पाळला. घर एकदम गप्प झालं. खरं बोलायचं म्हटलं की बोलण्यासारखं फारसं उरत नाही. हा चहा. गरम आहे. ही तुझी चप्पल. बाहेर कुणी नाही. माई मान डोलवायची आणि टॉवेलची घडी घालायची.

एके दिवशी दिवेलागणीला ती जिना उतरताना वळणावर थांबली. आप्पा खालून बघत होते. ती हलेना तसे ते वर गेले आणि त्या रुंद पायरीवर बसले. तीही बसली, टॉवेल मांडीवर घेऊन. दोघं न हलता बसून राहिली. दिवे गेले. अंधारात माईचा श्वास भरभर चालू झाला. आप्पांनी हात वर करून हलवला, लांबच्या ओळखीच्या माणसाला करतात तसा, आणि सगळा जिना उजळला.

माईने त्यांच्या हाताकडे पाहिलं. “भाऊ, हे कोण लावतं?”

मुकादम पूर्ण पोशाखात आप्पांच्या जिभेवर येऊन उभा राहिला. त्यांनी त्याला गिळलं.

“मी लावून घेतले. तू पडू नयेस म्हणून.”

“तुम्ही कशाला?”

“तू माझी बायको आहेस. या घरात आपण संसार केला. आपल्याला लेक झाली, ती परवापर्यंत इथेच होती. हा जिना बांधत होते तेव्हा तूच गवंड्याला म्हणालीस, बाकीच्या पायऱ्या कशाही असू देत, वळणावरची रुंद ठेवा. म्हातारपणी दमलो तर दोघांना बसता आलं पाहिजे.”

बोलता बोलता त्यांच्याच कानाला ते हत्तीपेक्षा मोठं वाटू लागलं. सवयीने ते थांबले. पाणी प्यायला हात पुढे झाला, पण लोटी खाली राहिली होती.

माई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी निश्चल, की दिवे पुन्हा गेले. आप्पांनी पुन्हा हात हलवला. उजेडात तिची हनुवटी जराशी वर झाली होती. ओठांचा एक कोपरा मुडपला होता, पूर्वी मुडपायचा अगदी तसाच. टॉवेलवरचा हात घडीच्या मध्यावर थांबला.

“साफ खोटं,” माई म्हणाली.