माझा दुभाषी उशिरा आला

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! संगणकाच्या पोटात बसून पडद्यावर अक्षरं आणि चित्रं काढणारी हिरवी पाटी म्हणजे मी. माझ्या अंगावर एक छोटा पंखा आहे आणि एका कोपऱ्यात भाजल्याचा काळा डाग. त्या डागाबद्दलच मला बोलायचं आहे.

संगणकाची भाषा मला कळत नाही, माझी त्याला कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, पण तो माणूस नव्हे, प्रोग्राम असतो. "इथे काळा ठिपका काढ" एवढं साधं सांगायलाही माझ्या ठरावीक कप्प्यांत ठरावीक आकडे लिहावे लागतात. कुठल्या कप्प्यात काय, हे सांगणारे कागद माझ्या कारखान्यात होते. पण ते कपाटात कुलूपबंद. दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तर? पुढे कारखाना बुडाला आणि कपाट कागदांसकट भंगारात गेलं.

मी ज्या घरी आलो तिथले बाबा मुद्रितशोधक होते. छपाईआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नजर अधू झाली तेव्हा त्यांनी एक खास पडदा आणला. मंद उजेडाचा, तळहाताएवढी अक्षरं दाखवणारा. नव्या पडद्यांचा झगमगाट त्यांच्या डोळ्यांना सोसत नसे, आणि या पडद्याची तार माझ्याशिवाय कुणाच्या तोंडात बसत नसे. बाबा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसत आणि म्हणत, "आहाहा, काय सुबक अक्षर!" ते कौतुक माझं होतं बरं का. तेच माझे सुखाचे दिवस.

मग संगणकाची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर माझ्या दुभाष्याची एकुलती प्रतही गेली. नव्या डिस्कवरच्या नव्या प्रणालीला मी कोण हेच ठाऊक नव्हतं. पडदा काळा तो काळाच. त्याच सुमारास डॉक्टरांनी बाबांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, की उरलेली नजरही जाणार, कधी ते सांगता येत नाही.

बाबांनी ते ऐकलंच. कान तिखट त्यांचे. म्हणाले, "जाईल तेव्हा जाईल. तोवर वाचू तरी दे मला."

मुलगी दुकानांसाठी बिलाचे प्रोग्राम लिहायची. ड्रायव्हर तिने जन्मात लिहिला नव्हता. तरी आपला कामाचा संगणक शेजारी ठेवून पदर खोचून बसली. कारखान्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरना तिने शोधून काढलं, त्यांना फोन केला.

"अहो ताई, ते कागद आम्हालाही घरी न्यायची बंदी होती," ते म्हणाले. "एवढं आठवतंय, की आकडे लिहिण्याआधी एक कप्पा उघडावा लागतो, मगच बाकीचे ऐकतात. कुठला, ते मात्र विसरलो. वय झालं आता."

मग ती आंधळी कोशिंबीर सुरू झाली. एका कप्प्यात आकडा लिहायचा, मी काय करतो ते बघायचं, मग पुढचा कप्पा. कधी मी पडद्यावर नुसता चिखल उडवायचो, कधी ढिम्म बसायचो. "बोल की रे मेल्या!" ती ओरडायची. मला सगळं माहीत होतं हो, पण सांगणार कसं? उघडायचा कप्पा तिला सापडला तेव्हा तिने टाळीच वाजवली.

एका कप्प्यातला आकडा सारखा बदलत होता. तिला वाटलं, ही पडद्यावरच्या ओळींची मोजणी असेल. ती स्थिर राहावी म्हणून तिने तिथे शून्य लिहिलं.

"पंख्याचा आवाज का थांबला गं?" बाबांनी खाटेवरून विचारलं.

"थांबा हो बाबा, आत्ताच कुठे जमायला लागलंय!"

तो कप्पा पंख्याचा होता. जळका वास तिच्या नाकाशी आला तोवर माझी एक चिप करपली होती. दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. "असली चिप आता बनतच नाही. कुठे जुनी मिळाली तर बघतो." ती मिळेपर्यंत एक अख्खा ऋतू उलटला. मी टेबलावर उघडा पडून होतो, आणि बाबा रोज विचारत, "आली का गं चिप?" पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

चिप आली, बसली, आणि एका सकाळी मी अखेर नीट बोललो.

"बाबा, आलं! या, या लवकर! दिसतंय?"

बाबा भिंत चाचपत आले, खुर्चीत बसले. पडद्याला नाक लावलं. "आहाहा," ते म्हणाले, "काय सुबक अक्षर!"

मित्रांनो, पडद्यावर अक्षर नव्हतंच. चाचणीसाठी तिने माझ्याकडून नुसते काळे-पांढरे पट्टे काढून घेतले होते.

मग तिने विचारलं, "कधीपासून, बाबा?"

"चिप यायच्या आधीच नजर गेली गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी जीव तोडून करत होतीस. आणि सांगितलं असतं, तर त्या पंख्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं असतंस."

ती टेबलावर डोकं टेकून रडली. मला अश्रू नाहीत, पण रडू मलाही कळतं.

आता ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, आणि बाबा मध्येच म्हणतात, "थांब, तिथे स्वल्पविराम हवा." मी कपाटावरच्या खोक्यात आहे. दुभाषी शिकून तयार आहे, पण मला कुणी बोलवत नाही. झिजून भंगारात जायचं मला दुःख नाही. कुलूप लावून मुकं केलं जाण्याचं आहे. तुम्ही मोठेपणी काही घडवाल तेव्हा त्याची माहिती कोंडून ठेवू नका रे. वेळ असतानाच सांगून टाका.

मुलीने मात्र माझ्याबद्दल कळलेलं सारं कुणालाही वाचता येईल असं जगासमोर ठेवलंय. त्यातली पहिलीच ओळ आहे: "या कप्प्यात शून्य लिहू नका. हा पंखा आहे."