लाल ठिपक्याचं यंत्र

मंगळवार, बारा एप्रिल २०१६. सकाळी साडेदहाला गंगापूर तालुक्यातल्या एका गावच्या चावडीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक बोलू लागला आणि दोनशे माणसांनी हात जोडले.

नुसता जाडजूड कीबोर्ड, त्याला जोडलेला टीव्ही. असले संगणक टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून माहिती घ्यायचे, पाच-पाच मिनिटं किंचाळत. इथं ना कॅसेट, ना टेपरेकॉर्डर.

"माझ्या गुरुदेवांनी चौऱ्याऐंशीत देह ठेवला, त्याच घटकेला कॅसेट जळाली," कफनीतले श्रीरंगबुवा सांगत होते. "पण यंत्रात त्यांचा वास आहे. विचारा, पाणी कुठं!"

बुवा मूळचे पाणाडे. पूर्वी तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारातून फिरत. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. आता नारळ यंत्रापुढं फुटत होते.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. द्वारकाबाई. गट नंबर एकशे बारा. पाणी एकशे ऐंशी फुटांवर.

"अगं बया! चौऱ्याऐंशीत मी या गावात नांदायलाबी आले नव्हते," सरपंच द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात टँकरचा प्रस्ताव होता. तो दुपारपर्यंत तहसिलात पोचायला हवा होता.

"टँकर मागितला की जमिनीतलं पाणी रुसतं," बुवा म्हणाले. "फाडा तो कागद."

गावात मावशीकडं आलेली अख्तरी यंत्राच्या मागच्या बाजूला उभी होती. औरंगाबादच्या छावणीत तिचं दुरुस्तीचं दुकान. तिला यंत्राच्या कडेच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर ती असा ठिपका लावायची. ठिपका मोडला की गॅरंटी संपली. फेब्रुवारीत हाच माणूस हेच यंत्र घेऊन आला होता. तेव्हा कफनी नव्हती, जीन्स होती. 'जुने गेम खेळायचेत,' म्हणाला होता. तिनं तीन दिवस खपून काम केलं होतं, हौसेनं.

"द्वारकाबाई, कागद फाडू नका. ही करामत माझ्या हातची आहे."

"यंत्राला शिवशील तर जळशील, बाई!"

"जळले की, बुवा. सोल्डरिंग करताना दोनदा."

कुणी अडवायच्या आत तिनं पर्समधल्या स्क्रूड्रायव्हरनं झाकण उघडलं. कॅसेटची तार जिथं लागायची, तिथं तिनंच बसवलेली काडेपेटीएवढी सर्किटची पट्टी होती आणि तिच्यात नखाएवढं मेमरी कार्ड. ती कार्ड बाहेर काढताच पडदा कोरा झाला. तिनं ते मोबाईलमध्ये घातलं. आत गावकऱ्यांची यादी होती. फाईलची तारीख परवाच्या रविवारची. यादीत तिनं एक ओळ वाढवली आणि कार्ड परत बसवलं.

यंत्र म्हणालं: अख्तरी, छावणी. दूध वीस फुटांवर.

पोरं खदखदून हसली. म्हातारे धोंडिबा हसले नाहीत.

"मंग आमचे गट नंबर कसे कळले?"

"सातबारा मोबाईलवर कुणालाबी दिसतो, काका. पाण्याचा आकडा बुवांच्या मनातला. जो झाकण उघडू देत नाही त्याच्यापुढं नारळ फोडू नका, एवढंच म्हणते."

"पण बनवलं तूच ना? मंग तू तरी खरी कशावरून?"

द्वारकाबाईंनी सही केली आणि प्रस्ताव घेऊन जीप गाठली. त्यांच्या नवऱ्यासह निम्मी गर्दी बुवांच्या मागं गट नंबर एकशे बाराकडं गेली. तिथं बोअरची गाडी उभीच होती.

शुक्रवारी संध्याकाळी बोअर तीनशे वीस फुटांवर होती. वर नुसती धूळ येत होती. टँकर अजून आलेला नव्हता.