रेघ शून्य ओलांडते का

मावशीच्या प्रयोगशाळेत मी पोचले ते घराची किल्ली आईकडे राहिली म्हणून. वर्गात मात्र "मला बोलावलं होतं" असंच सांगणार आहे.

मावशीचं काम मला आता एका दमात सांगता येतं. प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा. प्रोटॉन चवताळतो, क्षणात फुटतो, आणि इलेक्ट्रॉन कसा उडाला त्यावरून तो चवताळलेला प्रोटॉन आतून कसा होता ते कळतं. हलका टोला दिला तर बाहेरचा ढग दिसतो, जोराचा दिला तर आतला गाभा. गाभा आहेच, असं मावशीचं म्हणणं. तसं असेल तर तिच्या आलेखातली रेघ डावीकडे, हलक्या टोल्यांपाशी, शून्याखाली सुरू होऊन उजवीकडे, जोराच्या टोल्यांपाशी, शून्याच्या वर जायला हवी.

पण कुणी आपल्याला हवं तेच उत्तर काढू नये म्हणून संगणकाने सगळ्या बिंदूंमध्ये एक गुप्त आकडा मिळवला होता. रेघेचा आकार दिसायचा, शून्य कुठे ते नाही. आज एक बटण दाबून तो आकडा वजा करायचा होता. त्यानंतर काहीही बदलायचं नाही, असा नियम.

रेघ शून्य जिथे ओलांडेल असं मावशीला वाटत होतं, तिथे तिने फळ्यावर केव्हाच फुली मारली होती.

"एकदा शेवटचं तपासते," ती म्हणाली.

"काल तपासलंस. परवाही," तिचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे आजोबाच म्हणतात. "लग्नाआधी एवढा विचार केला नव्हतास."

"लग्न मोडता येतं, आजोबा."

मागच्या वर्षीची मी कोपऱ्यात मोबाइल बघत बसले असते. आता विचारलं, "मावशी, रेघ शून्याच्या वर गेलीच नाही तर?"

"तर इतकी वर्षं मी नसलेल्या गोष्टीमागे धावले."

"पण ती आहे तिथेच आहे ना? तू बघितल्याने थोडीच हलणार आहे?"

आजोबा हसले. "हिलाच दाबू दे बटण. हिचं यात काही अडलेलं नाही."

साफ चूक. माझ्या खांद्यावरचा मावशीचा हात गार पडला होता. माझंही अडलंच होतं.

दाबलं. अख्खी रेघ लिफ्टसारखी खाली सरकली आणि थांबली. डावीकडचे बिंदू शून्याखाली, उजवीकडचे वर.

मावशीने पडद्याला जवळजवळ नाकच लावलं. "फुलीच्या बरंच पुढे ओलांडली."

"म्हणजे चुकलं?"

"गाभा आहे गं. ढगच मला वाटला त्याहून दाट निघाला." ती हसत होती.

मला वाटलं, आता ती फुली पुसणार. तिने नव्या जागी दुसरी मारली आणि खडू माझ्या हातात दिला. "या दोन फुल्यांच्या मध्ये काय लिहू या?"

मी प्रश्नचिन्ह काढलं.

"जरा मोठं काढ," आजोबा म्हणाले. "त्याच्या जोरावर इलेक्ट्रॉन मारणाऱ्या मशीनवरची पुढची पाळी मागायची आहे."