पाझराची बरणी

हार्लन टेटने बरणी उन्हाकडे धरली. पाणी लालसर दिसत होतं. त्याने ते ओतून टाकलं, बरणी खळबळून धुतली आणि बांधाच्या पायथ्याशी पाझर बाहेर काढणाऱ्या नळीखाली पुन्हा धरली. पुन्हा तसंच.

तळ्याचा हा मातीचा बांध त्याच्या वडिलांनी खेचरं जुंपून घातला होता. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर नितळ आहे तोवर काळजी नाही. गढूळ झाला, की बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं, हे वडिलांनी शिकवलेलं. चाळीस वर्षं शाळेची बस चालवताना हार्लनने बरणी भरून बघायची एकही सकाळ चुकवली नव्हती. ओक्लाहोमाच्या त्या खोऱ्यात बांधाखाली एकच घर होतं, रेनी प्रूएटचं. रविवारी चर्च सुटलं की ती विचारायची, "पाणी कसं आहे?" तो म्हणायचा, "नितळ." त्या एका शब्दाच्या भरवशावर ती दोन मुलींना घेऊन तिथे राहत होती.

आज शनिवार होता. ट्रक काढून तो तिच्या दारात गेला आणि त्याने बरणी पुढे केली. रेनीने लालसर पाणी पाहिलं. मुलींना उचललं, कुत्र्याला हाक मारली आणि गॅसवरचा तवाही न उतरवता निघाली. ती पुढच्या वळणाआड गेल्यावर हार्लनला तव्याची आठवण झाली. आत जाऊन त्याने गॅस बंद केला.

मग त्याने सरकारी धरण-तपासनीस बाईंना फोन लावला आणि डॉयलला बोलावलं. डॉयल शेजारचा; त्याच्याकडे खोदायचं यंत्र होतं. बाईंनी फोनवर बजावलं, की बांधाला हात लावू नका. कडेचा सांडवा जिथे पक्क्या जमिनीत आहे, तिथूनच थोडा थोडा खोल करत पाणी सोडा.

"तळं गेल्यावर तुझ्याकडे कोण फिरकणार रे, हार्लन?" डॉयल यंत्रावर चढता चढता म्हणाला. "आम्ही काय तुझं थोबाड बघायला येत होतो?"

"तू माशांसाठीही येत नव्हतास. ओपलच्या हातच्या सफरचंदाच्या पाईसाठी येत होतास."

डॉयल हसला नाही. हार्लनच्या बायकोला, ओपलला, जाऊन सात वर्षं झाली होती.

दुपारपर्यंत तळं निम्म्यावर आलं. पाणी ओढ्याच्या काठांत राहिलं. रेनीच्या पायरीपर्यंत पोचलं नाही. तोवर तपासनीस बाई आल्या. बांधाच्या उघड्या पडलेल्या उतारावर, तोडलेल्या झाडाच्या एका जुन्या बुंध्याच्या बरोबर खाली, त्यांना मनगटाएवढं भोक सापडलं. त्यांनी त्यात काठी घातली. काठी सगळी आत गेली.

"झाड तोडून मुळं खणून काढा, खड्डे चिकणमातीने ठोकून भरा, असं आमच्या पत्रात लिहिलं होतं."

"हो," हार्लन म्हणाला.

झाड ओपलने लग्नाच्या वर्षी लावलं होतं. त्याच्याच सावलीत बसून ती गळ टाकायची. पत्र आलं, तेव्हा तिला पुरून चार महिने झाले होते. त्याने झाड तोडलं. बुंधा मात्र ठेवला, संध्याकाळी बसायला. मुळं जागच्या जागी कुजत गेली आणि त्यांच्या जागी पाण्याला वाट झाली.

उरलेला बांधही उतरवावा लागेल, असं सांगून बाई गेल्या. संध्याकाळी रेनी परतली. हार्लन तिच्या पायरीपाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"मुळं काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी काढली नाहीत. सात वर्षं तुला नितळ म्हणत आलो, पण हे कधी सांगितलं नाही."

रेनीने ओढ्याकडे पाहिलं. धाकटी तिच्या खांद्यावर झोपली होती.

"गॅस तुम्ही बंद केलात?"

"हो."

"उद्या चर्चला या," ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ती त्याच्याजवळ येऊन थांबली, मुलींचे कोट नीट केले आणि गेली. पाणी कसं आहे, ते विचारलं नाही.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत शनिवारची बरणी तशीच होती. लाल माती तळाशी बसली होती, बोटभर. वरचं पाणी नितळ होतं.