ताईतातले केस

भायखळ्याला धोंडू परबच्या तबेल्यात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाच्या वरातीला घोड्या देणारे शीवपासून अँटॉप हिलपर्यंतचे सगळे मालक हात जोडून उभे होते. मधोमध शुभ्रानंद महाराज तीन वर्षांच्या एका शिंगरावर भस्म उधळत होते. हे शिंगरू जन्मलं तेव्हा काळंभोर होतं. आता ते राखाडी झालं होतं आणि तोंडाकडून तर पार पांढरं. जो तो त्याचा जुना फोटो शेजाऱ्याला दाखवत होता आणि शेजारी आपल्या मोबाइलवरचा तोच फोटो त्याला दाखवत होता.

"भक्तांनो, डाग अंगावर नसतो, डाग कर्मात असतो," महाराज म्हणाले. "कितीही जुना असो, कितीही हट्टी असो. एक चिमूट भस्म, आणि फरक तुम्हीच बघा."

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. महाराजांचं खरं नाव हितेंद्र. दहा वर्षांपूर्वी हा गृहस्थ लालबागच्या आमच्या चाळीत दारोदार कपडे धुण्याची पावडर विकायचा. धंदा बदलला, भाषण तेच राहिलं. पावडरीचा निदान फेस तरी व्हायचा.

मी ललिता गावडे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता राग गिळायची सवय मोडली आहे. धोंडू माझा चाळीतला शेजारी. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर धोंडूने हा घोड्यांचा धंदा धरला. वरातीला पांढरीच घोडी लागते, म्हणून त्याने आजवर वाढलेल्या पांढऱ्या घोड्याच विकत घेतल्या. तिथे जमलेल्या सगळ्यांचं तेच. शिंगराला जन्मापासून वाढताना त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. चांदणी या आपल्या पांढऱ्या घोडीवर धोंडूने महाराजांचा पांढरा घोडा लावला, तेव्हा कुठे तबेल्यात पहिलं शिंगरू आलं. ते काळं निघाल्यावर त्याने छाती बडवली आणि महाराजांचे पाय धरले.

मग दुसरं शिंगरू पुढे आणलं. वर्षाचं, त्याच आईबापांचं, कोळशासारखं काळं. महाराजांनी त्याच्या पापण्या वर करून डोळ्यांभोवती बराच वेळ निरखून पाहिलं आणि हात झटकले.

"याला दाणापाणी कोण देतं?"

"माझी सून. सीमा," धोंडू म्हणाला.

"तिची छाया पडलीय. पौर्णिमेच्या आत हिला माहेरी धाडा. परत आणाल, तर तुमच्या तबेल्यात पांढरं जनावर दिसणार नाही."

सीमा बादली धरून तिथेच उभी होती. तिचा नवरा स्वप्नील स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. धोंडू म्हणाला, "आयकलंस मा गो? बॅग भर." शंभर माणसांसमोर म्हणाला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्याऐवजी मी रांगेत उभी राहिले आणि एक ताईत घेतला. महाराज प्रत्येक भक्ताला आपल्या घोड्याच्या आयाळीचे केस लाल दोऱ्यात गुंडाळून देत. त्याचंही भाषण होतं. "कापलेला केस मेलेला. मुळासकट उपटलेला जिवंत. शक्ती मुळात असते."

आयुष्यात एकदाच हा माणूस खरं बोलला, आणि तेही नकळत.

माझी विद्यार्थिनी मेघना जनावरांची डॉक्टर आहे. ताईत सोडून वीसेक केस तिच्यापुढे ठेवले, तर ती हसायलाच लागली. "बाई, तपासणीला मुळासकटच केस लागतात. यांनी तर नमुना पॅक करून दिलाय." चांदणीचे आणि दोन्ही शिंगरांचे केस सीमाने उपटून आणले. तेव्हा तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

पौर्णिमेला तबेला पुन्हा भरला. महाराजांनी भस्माला हात घातला तशी मेघना रिपोर्ट घेऊन पुढे झाली.

"घोड्यात एक जनुक असतं," ती म्हणाली. "आई किंवा बाप, एकाकडून जरी ते आलं तरी शिंगरू काळं किंवा तांबडं जन्मतं आणि पाच-सात वर्षांत आपोआप पांढरं होतं. भस्म लावा, नाहीतर लावू नका. चांदणीकडे त्याची दोनपैकी एकच प्रत आहे, म्हणजे शिंगराला ती मिळेल किंवा मिळणारही नाही. महाराजांच्या घोड्याकडेही एकच. मोठ्या शिंगराला ते मिळालं. धाकट्याला कुणाकडूनच मिळालं नाही, म्हणून ते जन्मभर काळंच राहणार. दोन नाणी उडवली आणि दोन्हींवर काटा पडला, एवढीच गोष्ट. सीमाने खाऊ घातलं म्हणून नाणं उलटं पडत नाही."

महाराज मंद हसले. "कोण जाणे कुठल्या घोड्याचे केस नेलेस, बाळा. ते आमच्या घोड्याचे नव्हेतच."

"तुम्हीच दिलेल्या ताईतातले आहेत," मी म्हटलं. "तुमच्या घोड्याचे नसतील, तर या सगळ्यांच्या गळ्यात कुणाचे आहेत?"

शंभर हात आपापल्या गळ्याकडे गेले. महाराजांचं हसू जागच्या जागी वाळलं.

तेवढ्यात कोपऱ्यात नाल ठोकत बसलेले म्हातारे रामजी नालबंद हातोडी खाली ठेवून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. आम्ही याला सब्जा म्हणतो. काळा जन्मतो, वयानं पांढरा होतो. होणार असला की लहानपणीच डोळ्यांभोवती पांढरे केस फुटतात. महाराजांचा घोडाही काळाच होता, पहिला नाल मीच मारलाय."

म्हणून महाराज पापण्या उचलून बघत होते. पांढरा केस दिसला की चमत्कार, न दिसला की घरातली बाई.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" धोंडू ओरडला.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही त्यांना विचारलंत."

महाराज भस्माचा डबा बगलेत मारून निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही आणि कुणी नमस्कारही केला नाही. सीमा पायाशी बॅग ठेवून उभी होती. धोंडू तिच्याकडे वळून पुटपुटला, "बॅग घरात ठेव गो."

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर सांगा."

धोंडूने स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नीलने या वेळी चपला सोडून बापाकडे पाहिलं. मग धोंडूने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सीमाची काय एक चूक नाय. मी गाढव."

सीमाने बॅग उचलली नाही. ती आधी धाकट्या शिंगराला पाणी पाजून आली.

आता धोंडू घोडीवर घोडा लावण्याआधी दोन्हींकडचे केस तपासायला देतो आणि मेघनाला दहा वेळा फोन करतो. देऊ दे. माझं म्हणणं एवढंच आहे. शिंगराचा रंग आवडला नाही, तर आधी त्याच्या आईबापांचे केस तपासा. ते मुळासकट उपटता येतात आणि परत उगवतात. घरातून उपटून काढलेली सून तशी परत उगवत नाही.