एकदाच पकडला गेलेला ससा

मित्रांनो, मी एक जुना, चिंध्यांचा ससा आहे. पोटात फाटके मोजे, अंगावर हिरव्या पडद्याचं कातडं आणि कान एकच. दुसरा कुठे गेला ते पुढे सांगतोच.

वेल्समधल्या एका खोऱ्यात कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. तिथल्या मेरियनच्या बायकोने मला शिवलं आणि मेरियनने मला रुळावरच्या छोट्या गाडीला बांधलं. तो वर मचाणावर बसून यंत्राची मूठ फिरवी, की मी सुसाट सुटे आणि माझ्यामागे सहा ग्रेहाउंड कुत्रे. त्या कामाचा एकच नियम होता. ससा कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. एकदा का आतले मोजे त्याने पाहिले, की तो पुन्हा म्हणून माझ्यामागे धावायचा नाही. मला कुत्र्यांच्या नाकापासून हातभर पुढे ठेवावं ते मेरियननेच! लोक टाळ्या पिटत आणि त्या आपल्यालाच आहेत असं मला उगाच वाटे.

पण पहिलं वळण फार वाईट होतं. सगळे कुत्रे एकदम आतल्या बाजूला घुसत, एकमेकांवर आदळत, पडत. मला मागे वळून बघता येत नसे, पण ऐकू येई.

एका संध्याकाळी शानी नावाची काळी कुत्री तिथे पडली. मागचा पाय मोडला. तिचा मालक ग्लिन खांदे उडवून म्हणाला, "आता हिला फुकट कोण पोसणार?"

मैदानावर चहा विकणारी डेलिथ किटली तशीच टाकून धावत आली. "मी पोसते," ती म्हणाली. शानीला शालीत गुंडाळून तिने घरी नेलं आणि मैदानावर पुन्हा चहा म्हणून विकला नाही.

त्यानंतर दर शर्यतीला डेलिथ फाटकाबाहेर उभी आणि शेजारी लंगडी शानी. ग्लिन जाता-येता टोमणे मारी.

"काय गं, धंदा सोडून भीक मागायला लागलीस?"

"भीकच मागतेय. हिचा भाऊ दे मला."

शानीचा भाऊ ब्रान ग्लिनचा सगळ्यात वेगवान कुत्रा. डेलिथचा सगळा जीव त्याच्यात अडकला होता. हाही एक दिवस त्या वळणावर पडणार, ही धास्ती तिला झोपू देत नसे.

हळूहळू फाटकाशी माणसं वाढली. कुणी आपला म्हातारा कुत्रा घेऊन येई, कुणी नुसतंच उभं राही. मैदान गावच्या परिषदेचं होतं. डेलिथने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि परिषदेच्या सभासदांना शर्यत बघायला बोलावलं. "खुर्च्यांत नका बसू हं. वळणावर उभे राहा," ती म्हणाली. ते उभे राहिले. पहिल्याच शर्यतीत दोन कुत्रे त्यांच्या पायांशी येऊन पडले. दुसरी शर्यत बघायला कुणी थांबलं नाही. पुढच्याच बैठकीत ठरलं, मैदान यापुढे शर्यतींना द्यायचं नाही.

फाटकाबाहेर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ग्लिन मात्र काही कमी नव्हता. वेल्सच्या सीमेपलीकडच्या एका मैदानासाठी त्याने ब्रानला गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाइकाला दाखवायला ब्रान याच मैदानावर एकटाच पळणार होता. आदल्या दिवशी डेलिथ मचाणाखाली आली.

"अहो मेरियन, इथली शर्यत संपली, पण ब्रानची नाही संपली."

"मी नुसती मूठ फिरवतो, बाई."

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी मी सुटलो, मागे ब्रान. वळण नीट पार पडलं. सरळ पट्ट्यावर आलो आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझा वेग कमी होऊ लागला. मग मी थांबलोच. ब्रानने माझा कान पकडून एकच हिसका दिला. कान तुटला, मोजे बाहेर! त्याने ते हुंगले, माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच फतकल मारली.

ग्लिन ओरडला, "अहो, हे काय केलंत?"

"यंत्र म्हातारं झालंय. माझ्यासारखंच."

ग्लिनने ब्रानला पुन्हा सोडलं. मी पळालो, अगदी मन लावून पळालो. ब्रानने जांभई दिली आणि रमतगमत फाटकाकडे निघाला. तिथे शानी उभी होती.

गिऱ्हाईक टोपी घालून चालतं झालं. ग्लिनने पट्टा डेलिथकडे फेकला. "घे, पोस आता दोघांना!" माझा जीव भांड्यात पडला. मेरियन खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा हसरा होता.

आता मी डेलिथच्या घरी असतो. पोटातले मोजे तिने परत आत शिवले, कान मात्र सापडला नाही. मेरियन दर शनिवारी चहाला येतो. मित्रांनो, कुठे मुका जीव ऊर फुटेस्तोवर पळताना दिसला आणि लोक टाळ्या पिटत असले, तर टाळीआधी एकदा वळणावर जाऊन उभे राहा. एवढंच मागणं आहे.

आणि जाताना दार जरा हळू लोटा. ब्रान माझ्या पोटावर हनुवटी टेकून झोपलाय.